५५९ फरश्या, एक साचा

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेल्या एका गृहस्थांनी नागाळा पार्कातला आपला जुना बंगला दुरुस्तीला काढला आणि दिवाणखान्याची जमीन एका चित्रकर्तीकडे सोपवली. फरशी मिस्त्रीकडे द्यायचं काम चित्रकर्तीकडे का, असं घरच्यांनीही विचारलं होतं. मी या कामात आकडेमोड तपासून देण्यापुरता होतो. त्यामुळे कागदावरचं बरंचसं आणि प्रत्यक्ष जागेवरचं थोडंफार, एवढं जवळून पाहायला मिळालं. नावं देत नाही, त्यांची गरजही नाही.

चित्रकर्ती शिकली कोल्हापुरातच. ज्या गावात आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांचा आजही मान आहे आणि रंकाळ्याच्या काठावर चित्रफलक घेऊन बसणं हा जवळजवळ संस्कार आहे, तिथे तिनेही काही वर्षं पाणी, झाडं, घाट रंगवले. मग ती कंपास-पट्टीकडे वळली ती वळलीच. शाहू स्मारकच्या दालनात तिची चित्रं लागली की लोक थोडा वेळ थांबतात आणि विचारतात, “हे नेमकं काय आहे म्हणायचं?” मला हा प्रश्न वावगा वाटत नाही. पण चित्र आणि यंत्र यांचं नातं या गावाला नवं आहे, असं कुणी म्हटलं तर मात्र पटत नाही. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच, स्वतःच्या हातांनी घडवला होता.

मालकांची कल्पना साधी होती. जुन्या वाड्यांत असते तशी रंगीत सिमेंटची फरशी, मधोमध कमळ, कडेने वेलबुट्टीची पट्टी. चित्रकर्तीला नेमकं मध्यच नको होतं. अंबाबाईच्या देवळाचा ताऱ्यासारखा कोनाकोनांनी पुढेमागे होणारा आराखडा किंवा खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत, ही आपल्याकडची थोर भूमिती एका केंद्राभोवती उभी आहे. तिथे उभं राहिलं की आपण कुठे आहोत ते कळतं. तिला उलट हवं होतं: खोलीत कुठेही उभं राहा, सगळीकडे ओळखीचं वाटावं, पण कोणत्याच अंतराने सरकून तोच नमुना पुन्हा हाती लागू नये.

अशा जमिनीची गोष्ट गणितात फार जुनी नाही. १९६१ मध्ये हाओ वांग यांना वाटलं होतं, की ज्या फरश्यांनी अमर्याद जमीन भरता येते त्यांनी ती ठरावीक अंतराने पुनरावृत्ती करूनही भरता येणारच. १९६६ मध्ये रॉबर्ट बर्जर यांनी ते खोटं ठरवलं, पण त्यांच्या संचात वीस हजारांहून जास्त प्रकारच्या फरश्या होत्या. पुढे संख्या घटत गेली आणि १९७४ मध्ये रॉजर पेनरोज दोन आकारांवर आले. एकाच आकारात हे जमेल का, हा प्रश्न मग कित्येक दशकं तसाच राहिला. तो सोडवला डेव्हिड स्मिथ या यॉर्कशायरच्या निवृत्त छपाई-तंत्रज्ञाने, आकार शोधत, कागद कापत आणि जुळवत. जोसेफ मायर्स, क्रेग कॅप्लन आणि चाइम गुडमन-स्ट्रॉस यांनी त्याच्यासोबत सिद्धता पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये तेरा बाजूंचा ‘हॅट’ हा आकार जगापुढे आला.

चित्रकर्तीने पहिला आराखडा हॅटचाच केला. मोठा सुंदर दिसत होता.

दोन पॅटर्न की एक

आराखडा पाहून पहिली अडचण काढली ती मालकांनी, आणि ती सौंदर्याची नव्हती. हॅटने जमीन भरताना काही फरश्या आरशातल्यासारख्या उलट्या लागतात. सरळ सातांमागे साधारण एक. कागद कापून जमिनीवर मांडताना याची जाणीवही होत नाही, कारण कागद उलटा केला की झालं. सिमेंटच्या फरशीला मात्र एकच तोंड असतं. रंगाचा थर एका बाजूला, खडबडीत पाठ दुसऱ्या बाजूला. उलटी फरशी हवी तर उलटा साचा हवा. जन्मभर बिडाचं ओतकाम केलेला माणूस हे एका नजरेत ओळखतो. “दोन पॅटर्न म्हणजे दोन हिशेब. आणि मिस्त्रीनं दोन ढीग एकदा मिसळले की संपलं,” एवढंच ते म्हणाले. फाउंड्रीच्या बोलीत पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा उठवतात तो नमुना.

हॅटच्या सिद्धतेनंतर गणितातही हीच कुरकुर झाली होती. आकार आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही वापरायचे तर तो ‘एकच आकार’ कसा? त्याच चौघांनी मे २०२३ मध्ये उत्तर दिलं. त्यांच्या आकारांच्या कुटुंबात सगळ्या कडा सारख्या लांबीच्या असलेला एक सदस्य आहे. त्याच्या चौदा समान कडा आहेत, त्यांपैकी दोन एका सरळ रेषेत येतात. हा आकार उलटायची मुभा दिली तर त्याने पुनरावृत्तीची जमीनही भरता येते, अगदी साध्या फरशीसारखी. उलटणं बंद केलं की मात्र पुनरावृत्ती अशक्य होते. उलटणं बंद कसं करायचं? त्यांनी कडांना बाक दिला, म्हणजे आकार आणि प्रतिबिंब एकमेकांत बसणारच नाहीत. त्या बाकदार आकाराचं नाव ‘स्पेक्टर’.

बाकदार कडा साच्यात कापायला महाग, सांधे भरायला कटकटीच्या. चित्रकर्तीने दोन-तीन नमुने काढून पाहिले आणि मग तिच्या लक्षात आलं, की बाक द्यायची गरजच नाही. गणितज्ञांना बाक द्यावा लागला कारण त्यांचा आकार कागदावरचा, त्याला तोंड-पाठ नाही. हिच्या फरशीला आहे. रंगाची बाजू वर ठेवायची असेल तर ती उलटता येतच नाही. सिद्धतेत जी अट शब्दांत घालावी लागते, ती इथे सिमेंटच्या थराने आपसूक घातली होती. सरळ कडांचा साधा आकार, एकच साचा, आणि पुनरावृत्तीला वाव नाही.

या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा निर्णय. भूमितीवर काम करणारे आपल्याकडचे पुष्कळ चित्रकार गणिताचा आकार उचलतात आणि कॅनव्हासवर ठेवतात. आकाराला माध्यमाशी काही देणंघेणं नसतं. इथे माध्यमाने आकार निवडला. आणि तो निवडायला भाग पाडणारा माणूस कलेचा जाणकार वगैरे नव्हता, पॅटर्नचा खर्च मोजणारा फाउंड्रीवाला होता.

आकडे

हा आकार घेऊन नुसतं जुळेल तसं लावत गेलं तर काम अडतं. वीस-तीस फरश्या छान बसतात आणि मग एखादं बिळ असं उरतं, की त्यात काही जात नाही. चूक मात्र बऱ्याच मागे झालेली असते. म्हणून गट बांधत वर जायचं. गटाचे दोन घटक: एक सुटी फरशी आणि एक जोडी, जिच्यात दोन फरश्या घट्ट बिलगलेल्या असतात. पुढच्या पायरीला प्रत्येक सुटीच्या जागी सात सुट्या आणि एक जोडी येते. प्रत्येक जोडीच्या जागी सहा सुट्या आणि एक जोडी. एका सुटीपासून सुरुवात केली तर पहिल्या पायरीला ९ फरश्या, दुसरीला ७१, तिसरीला ५५९. (प्रत्येक पायरीला सगळा गट डावा-उजवा बदलतो, पण एका पायरीतल्या सगळ्या फरश्या एकाच हाताच्या राहतात. साच्याला तेवढं पुरतं.)

७१ फरश्यांचा गट टीपॉयखालच्या गालिच्याएवढा झाला असता. चौथी पायरी घरात मावली नसती. म्हणून ५५९. कडेची लांबी सांध्यासकट ६ सेंटिमीटर धरली की एका फरशीचं क्षेत्रफळ सुमारे २९५ चौरस सेंटिमीटर येतं आणि सगळा गट साधारण १६.५ चौरस मीटर, म्हणजे १७७ चौरस फुटांच्या आसपास. दिवाणखाना बावीस बाय वीसचा. गट मधे, चारी बाजूंना मोकळी जागा.

रंगाबद्दल तिने फारसं बोलून दाखवलं नाही, पण रंगाचं गणित तिनेच मला समजावलं. प्रत्येक जोडीतली एक फरशी बाकी सगळ्यांपेक्षा ३० अंशांनी वळलेली असते. बाकीच्या सगळ्या आपसात ६०-६० अंशांच्या पटीत फिरतात. ही वळलेली फरशी डोळ्यांना सहज सापडत नाही, पण ५५९ मध्ये अशा बरोबर ६३ आहेत. तिने त्या ६३ लाल केल्या, हुरमुजी गेरूसारख्या. उरलेल्या ४९६ राखाडी.

आता ४९६ भागिले ६३ करून पाहा: ७.८७३. त्याआधीच्या पायरीत ६३ राखाडी आणि ८ लाल: ७.८७५. पहिल्या पायरीत ८ आणि १. पायऱ्या वाढवत नेल्या की हे गुणोत्तर ४ अधिक १५ चं वर्गमूळ या संख्येकडे जातं. १५ चं वर्गमूळ अपरिमेय आहे. जमीन एखाद्या ठोकळ्याच्या पुनरावृत्तीने भरलेली असती, तर त्या ठोकळ्यात मोजून इतक्या लाल आणि इतक्या राखाडी फरश्या असत्या आणि गुणोत्तर दोन पूर्णांकांचं आलं असतं. तसं येत नाही. म्हणजे ठोकळा नाही. पुनरावृत्ती का नाही याची ही सिद्धता दहावीच्या मुलाला कळेल अशी आहे आणि ती त्या दिवाणखान्यात लाल रंगात लिहिलेली आहे. तिने फक्त सजावटीसाठी लाल विखुरले असते तर मला त्याचं एवढं कौतुक वाटलं नसतं.

आतला कोपरा

साचा उद्यमनगरात वायरकटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, कापून घेतला. पोलादी चौकट, जाड, नीटस. फरशी काढायची रीत जुनीच: चौकट पत्र्यावर ठेवायची, तळाला रंगाचा पातळ थर ओतायचा, वर सिमेंट-वाळूचा कोरडसर माल भरायचा, प्रेसखाली दाबायचं, चौकट उचलायची. पहिल्याच घाण्यातल्या बऱ्याच फरश्या चौकट उचलताना आतल्या कोपऱ्यापाशी तडकल्या. चौकोनी फरशीला आतला कोपरा नसतो. या आकाराला २४० आणि २७० अंशांचे कोन आहेत, आणि ताण नेमका अशा टोकदार खाचेत एकवटतो.

प्रेसवाल्याचा सल्ला होता, कोपरे गोल करा. तिने नाही म्हटलं. आकाराची धार गेली तर राहिलं काय, असा तिचा मुद्दा. दोन दिवस काम अडलं. मग तिने कागदावर सांधा मोठा करून काढला आणि चित्र पालटलं.

फरश्यांमध्ये ३ मिलिमीटरचा सांधा ठेवायचा होता. या जमिनीत प्रत्येक आतल्या कोपऱ्यात दुसऱ्या एकाच फरशीचा बाहेरचा कोपरा बसतो. २७० अंशांच्या कोनापाशी बाहेरून ९० ची खाच उरते, २४० पाशी १२० ची. ९० च्या खाचेत ९०, १२० च्या खाचेत १२०. तो बाहेरचा टोकदार कोपरा खाचेच्या दोन्ही कडांपासून ३ मिलिमीटरवर उभा असतो. खाच टोकदार ठेवली तर तिच्या आतल्या टोकापाशी सांधा तीनाहून जास्त होतो. ९० च्या कोपऱ्यात चारच्याही वर जातो. खाचेला ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली तर? त्या गोलाईचं केंद्र म्हणजे समोरच्या फरशीचा कोपराच. म्हणजे सांधा सगळीकडे अचूक ३ मिलिमीटर. गोलाईने आकार बिघडत नव्हता, उलट सांधा नीट होत होता. बाहेरचे कोपरे टोकदार, आतले गोल. तडकणं जवळपास थांबलं. प्रेसवाला म्हणाला तेच झालं, फक्त त्याने ‘थोडं गोल’ म्हटलं होतं आणि तिला किती गोल ते सापडलं.

घड्याळ

फरशी मिस्त्री अनुभवी, साठीच्या पुढचे. जागेवर सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं पहिलं दुखणं असं, की या जमिनीत दोरी ताणायला सरळ रेषच नाही. गुण्या लावायचा कुठे? शेवटी जमिनीवर एक-एक मीटरच्या चौकटीत दोऱ्या आखल्या आणि नकाशावरही तीच जाळी छापली. फरशीला नंबर होता, पण नंबर पुरत नव्हता. ती कुठल्या बाजूने ठेवायची तेही कळायला हवं.

इथे ३० अंशांचा फायदा झाला. फरशी बाराच दिशांना तोंड करू शकते. तिने प्रत्येकीच्या पाठीवर एक बाण उमटवला आणि नकाशात नंबरासोबत तास लिहिला. ‘२१४, आठ वाजता.’ मामांनी सकाळपासून दुपारपर्यंत ही पद्धत उचलली आणि एक गोष्ट त्यांनी स्वतः शोधून काढली: लाल फरशी कायम विषम तासाला येते, राखाडी सम तासाला. ते खरंच आहे, लाल म्हणजेच ३० अंशांनी वळलेली. पण कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यानंतर नकाशातली छपाईची एक चूक त्यांनीच पकडली. “ताई, लाल हाय आन् चार वाजलेत, असं व्हतंय व्हय?”

त्याआधी एक मोठा घोटाळा होऊन गेला होता. अंगणात पहिल्या नऊ फरश्या कोरड्या मांडून पाहताना नकाशाप्रमाणे एकही शेजारणीला धड भिडेना. मामा अर्धा तास फिरवत बसले. “नकाशा उलटा हाय का माझं डोस्कं उलटं झालंय, त्ये बघा आदी.” नकाशाच उलटा होता, किंवा फरश्या उलट्या होत्या, काहीही म्हणा. वायरकटला दिलेलं रेखाटन वरून दिसणाऱ्या जमिनीचं होतं, आणि या रीतीत फरशी साच्यात तोंड खाली करून बनते. बाहेर काढून पालथी केली की आकार आरशातला होतो. चौकोनी फरशीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

घाबरण्यासारखं वाटलं, पण नव्हतं. सगळ्या फरश्या एकाच हाताच्या होत्या, आणि डाव्या हाताची जमीन उजव्या हाताच्या जमिनीइतकीच खरी. नकाशा आरशात पाहिल्यासारखा पुन्हा छापला. तीन वाजताची फरशी नऊ वाजताची झाली, दोनची दहाची. बारातून वजा करताना विषम विषमच राहतं, सम समच, त्यामुळे मामांना पुढे सापडलेला लाल-राखाडीचा नियमही शाबूत राहिला. नुकसान एवढंच झालं, की गटाची जी फुगीर बाजू तिने व्हरांड्याच्या दाराकडे येईल अशी धरली होती, ती जिन्याकडे गेली. गट फिरवून ती परत आणायचा तिने प्रयत्न केला, पण मग दुसरं टोक भिंतीला टेकत होतं. जिन्याकडेच राहू दिलं. मला आजही ती बाजू खोलीच्या तोलाला थोडी जड वाटते. ती म्हणते, सवयीने जाईल.

कड

५५९ फरश्यांच्या गटाला सरळ कड नसते, दातेरी किनारा असतो. घरच्यांची मागणी होती, की फरश्या भिंतीपर्यंत नेऊन सरळ कापाव्यात. तिने ठाम नकार दिला, कारण कापलं की ६३ आणि ४९६ हे आकडे जातात. दुसरा पर्याय म्हणजे शहाबादी फरशी त्या दात्यांबरहुकूम ग्राइंडरने कापून लावणं. त्याचा खर्च सगळ्या कामाच्या वर गेला असता. शेवटी साधी गोष्ट सुचली: भोवताली काळा कोबा. ओतलेल्या मालाला कापावं लागत नाही, तो दात्यांत जाऊन बसतो. पूर्वी आपल्या घरांतून कोबा असायचाच, त्यामुळे तो परकाही दिसला नाही.

कमळाचा विषय मधे दोनदा निघाला. तडजोड म्हणून देवघरापुढे जुन्या पद्धतीच्या कमळाच्या चार फरश्या बसल्या, वेगळ्या, या जमिनीपासून दूर. ते बरं झालं.

काम पावसाळ्यात शिरलं, आणि कोल्हापूरच्या पावसात सिमेंट वाळता वाळत नाही. लाल फरश्यांवर पांढरा क्षार फुटला. मालक हवालदिल झाले. ओल सुटली आणि पुसत राहिलं तसा तो दिवाळीपर्यंत बराचसा गेला.

कुणाचं काय

बिलाच्या वेळी प्रश्न आला. हिशेबनीसाने सगळं ‘फ्लोअरिंग’खाली चौरस फुटाच्या दराने धरलं. चित्रकर्तीचं म्हणणं, हे चित्र आहे. मालकांचे चिरंजीव इंटरनेटवर पाहून आले होते आणि त्यांनी नेमकं विचारलं: आकार तर परदेशातल्या चौघांचा, मग यात तुमचं काय?

प्रश्न टोचणारा होता, पण रास्त होता. तिने आकारावर कधीच हक्क सांगितला नाही. बिलासोबत जोडलेल्या टिपणात चौघांची नावं पहिल्या ओळीत होती. तिचं काय ते तिने पुढे लिहिलं होतं: बाक काढून टाकणं, तिसऱ्या पायरीवर थांबणं, वळलेल्या ६३ फरश्या लाल करणं, खाचेची गोलाई, न कापलेली कड. मला वाटतं ही यादी पुरेशी आहे. पेटीत सूर बांधून दिलेले असतात म्हणून वाजवणाऱ्याचं काही नसतं, असं आपण म्हणत नाही. मालकांनी बिलाचे दोन भाग करून घेतले, करणावळीचा वेगळा आणि आराखड्याचा वेगळा. दुसरा भाग तिच्या अपेक्षेपेक्षा कमीच होता.

साच्यावरून मात्र खरी ओढाताण झाली. पैसे मालकांनी दिलेले, म्हणून चौकट त्यांच्याकडे राहावी आणि तशी जमीन गावात दुसरीकडे होऊ नये, अशी त्यांची इच्छा. चौकट आपल्याकडे हवी, हे तिचं म्हणणं. शेवटी कागदावर असं आलं: चौकट चित्रकर्तीकडे, तिसऱ्या पायरीचा गट या लाल-राखाडी मांडणीत पुन्हा कुठेही नाही, इतर पायऱ्या, इतर रंग मोकळे. मोडतोडीसाठी काढून ठेवलेल्या जादा फरश्या मालकांच्या माळ्यावर आहेत, राखाडी जास्त, लाल थोड्या. आकार एकच असल्यामुळे कुठलीही फुटली तरी त्यातलीच कुठलीही तिथे बसते, फक्त रंग आणि बाणाचा तास बघायचा. नकाशाची एक प्रत मामांनी स्वतःकडे ठेवून घेतली आहे.